दाजींचं धूळमशीन

आमचे दाजी विमानात बसले तेव्हा आमच्या गल्लीत नवी कोरी सायकल घेतलेला माणूस शोधून सापडला नसता. हे मी कौतुकानं सांगते आहे असं समजू नका. मला त्या विमानाचा राग आला होता, आणि तो राग मी पुढं कित्येक वर्षं जपला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शेवंताआक्काचे नवरे. नाव देवाप्पा. बेळगावात उद्यमबागेतल्या एका लहानशा कारखान्यात पत्र्याचं काम करायचे. पत्रा कापायचा, वळवायचा, त्याचे पाइप जोडायचे. राहायला वडगावात, भावकू नावाच्या विणकराच्या घरातली एक खोली. शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं निपाणीला यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. बोलायला इतके कंजूष की दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खिशातच ठेवायचे. मी त्यांची एकुलती एक मेहुणी, त्यातून शाळामास्तरीण, म्हणजे माझ्या तोंडाचा पट्टा कायम चालू. "दाजी, घरात माणूस आलंय का मांजर, कळू द्या की," असं मी म्हणायची. ते नुसते हसायचे आणि चहाची बशी पुढं करायचे.

आक्का निपाणीत माझ्यासोबत राहायची आणि जिनाप्पा अण्णांच्या वखारीत कामाला होती. बिडीची तंबाखू तिथं कुटायची, चाळायची, पाखडायची. चाळीसेक बायका. काम सुरू झालं की आत पिवळं धुकं दाटायचं. खिडक्या बंद, कारण वारा शिरला तर बारीक तंबाखू उडते आणि अण्णांचं वजन घटतं. मालाचं म्हणते मी. अण्णांचं स्वतःचं काही घटताना आम्ही पाहिलं नाही. बायका पदर नाकातोंडावरून घट्ट ओढून मागं खोचायच्या, तरी धूळ जायची तिथं जायचीच. आक्का घरी आली की तिच्या लुगड्याच्या वासानं मला शिंका सुटायच्या. आणि ती जेवायला बसली की घास हातात धरून ठसकत राहायची.

"बेळगावला चल," असं दाजी दर दोन-तीन महिन्यांनी म्हणायचे. आक्काचं उत्तर ठरलेलं. "तितं मी काय करू? भिती बघत बसू? हितं माझ्या बायका हायत, माझं काम हाय." तिचं खोटं नव्हतं. वखारीत ती सगळ्यांची आक्का होती. कुणाच्या घरी बाळंतपण असो, कुणाचा नवरा पिऊन आलेला असो, पाखडता पाखडता तिथंच निवाडा व्हायचा. शिवाय तिच्या हातात तिचा पगार होता. आमच्या आईनं उभा जन्म दुसऱ्याच्या बांधावर काढला, तिला आपला म्हणून पैसा दिसला नाही. आक्का ते विसरली नव्हती.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात एकदा दाजी लवकर आले आणि आक्काला आणायला वखारीकडं गेले. परत आल्यावर ते माझ्याशी चक्क स्वतःहून बोलले. आक्का पाणी भरायला गेली होती.

"सुला, आत चाळीस बायका ठसकत हुत्या," ते म्हणाले, "त्यातला हिचा ठसका मला रस्त्यावर वळकू आला."

एवढंच म्हणाले आणि पायताणाचा अंगठा बघत बसले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी कारखान्याचे मालक शांतिनाथसाहेबांपुढं गोष्ट काढली. साहेब चिकोडीकडचे, इंजिनिअर, वयानं दाजींपेक्षा लहान, आणि जिनाप्पा अण्णांचे सख्खे भाचे. नवीन काही करायचं म्हटलं की जेवण विसरणारा माणूस. निपाणीच्या वखारीत धूळ लई असती, पंख्यानं ओढून घेता यील काय, असं दाजींनी विचारलं आणि साहेबांनी त्याच दिवशी खडू घेऊन फरशीवर चित्र काढलं. चाळणीवर पत्र्याची टोपी, टोपीला पाइप, पाइपाच्या शेवटी मोटरचा पंखा, आणि पंख्यापुढं माणसाएवढ्या लांब कापडी पिशव्या. हवा कापडातून बाहेर जाणार आणि धूळ पिशवीत अडकणार. पिशव्यांचं कापड भावकूच्या मागावर विणलं. आधी ते पातळ झालं, धूळ आरपार गेली. मग इतकं घट्ट झालं की हवाच अडली. भावकू दाजींना शिव्या देत देत पुन्हा पुन्हा विणत गेला आणि शेवटी जमलं.

मशीन तयार झालं आणि जिनाप्पा अण्णा बघायला आले. चालू केल्यावर धूळ सरळ टोपीत शिरताना त्यांनी पाहिली आणि घाबरून टोपी सावरली, डोक्यावरची.

"बेड, बेड!" कानडीत नको नको करत ते मागं सरले. "शांत्या, तुझं मशीन माझी तंबाखू गिळंल. मग मी गिऱ्हाइकाला काय, हवा तोलून देऊ?"

बाकीच्या व्यापाऱ्यांनीही तेच म्हटलं. मशीन कारखान्याच्या कोपऱ्यात पडून राहिलं. मग साहेबांनी ते मुंबईच्या एका प्रदर्शनात नेलं आणि तिथं ते टांझानियात तंबाखूचा धंदा करणाऱ्या एका गुजराती शेठच्या नजरेत भरलं. त्याच्या शेडमध्ये धुळीमुळं माणसं टिकत नव्हती. त्यानं ते उचललं. बसवून द्यायला माणूसही पाहिजे म्हणाला. ज्यानं जोडलं तोच जाणार, म्हणजे दाजी.

माझा संताप इथं सुरू झाला. ठसका आमचा आणि औषध परमुलखाला! मी दाजींना म्हटलं, "निपाणीची धूळ निपाणीत ठेवून तुम्ही आफ्रिकेची झाडायला निघालात होय?" दाजी पासपोर्टच्या फोटोसाठी दाढी करत होते. त्यांचा हात थांबला. आक्काच माझ्यावर डाफरली. "गप गं. जाऊ दे त्यास्नी. नशिबात इमान हाय."

दोन महिन्यांनी दाजी काळेठिक्कर होऊन परत आले. सगळी गल्ली ऐकायला जमली. तिथं चहाला हिंदीसारखंच चाय म्हणतात, ज्वारीसारखं पीक असतं, माणसं हसरी असतात, असं त्यांनी सांगितलं आणि गप्प झाले. गल्ली नाराज होऊन पांगली. मग घरातलीच माणसं उरल्यावर त्यांनी खरी गोष्ट सांगितली. तिथल्या बायकाही नाकाला फडकं बांधून तंबाखू निवडत बसायच्या. मशीन चालू झालं आणि घटकाभरानं एका वयस्क बाईनं फडकं सोडलं. वर बघितलं, छाती भरून श्वास घेतला, आणि उठून आपल्या कमरेच्या फडक्यातले भाजलेले शेंगदाणे दाजींच्या ओंजळीत घातले.

"तितल्या बायकाबी तुझ्यावानीच ठसकत हुत्या," दाजी आक्काला म्हणाले.

आक्का म्हणाली, "बरं झालं. त्यांचा तरी गेला म्हणा की."

मला हे सोसलं नाही. मी उठून अंगणात गेले. लोकांच्या बायकांच्या छातीतली धूळ गेली म्हणून माझी बहीण खूश होत होती आणि तिच्या स्वतःच्या छातीत ती रोज भरत होती.

पुढं मशीनला बरकत आली. टांझानियातून आणखी मागण्या आल्या, मग केनियातून, मग सिलोनकडून. कारखान्याला नवी शेड झाली. दाजी हेड फिटर झाले, आणखी एकदा समुद्रापार जाऊन आले. वडगावात भावकूचे सगळे माग पिशव्यांच्या कापडावर चालू लागले. निपाणीत मात्र एकही मशीन नव्हतं. आक्का आता चढावर थांबू लागली. पाण्याची घागर मी घेऊ लागले. दाजी शनिवारी यायचे, तिचा ठसका ऐकायचे आणि मान खाली घालून जेवायचे. दर खेपेला ते साहेबांना आठवण द्यायचे, मामांना पुन्हा विचारा म्हणून. साहेब विचारायचे आणि अण्णा बेड म्हणायचे.

चौऱ्याऐंशी साली मलावी देशातून मोठी मागणी येण्याची चिन्हं दिसली. तिथल्या तंबाखू शेडांवर देखरेख करणाऱ्या फिरीबाई स्वतः बेळगावला येणार होत्या. पण त्यांची एक अट होती. कारखान्यात नवं मशीन फिरताना बघून त्यांचं समाधान होणार नव्हतं. तुमच्या मुलखात जिथं हे रोज वापरात आहे तिथं मला न्या, त्या म्हणाल्या.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. परदेशात ठिकठिकाणी चाललेलं मशीन स्वतःच्या मुलखात कुठंच नव्हतं! ते धावत मामांकडं गेले. अण्णांनी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि शेवटी भाच्याच्या अब्रूखातर हो म्हणाले. पाहुणे येऊन जाईपर्यंत मशीन राहील, गेले की काढून न्यायचं. पिशवीत साठलेली धूळही अण्णांचीच, तपकीरवाल्याला विकायला.

दाजींनी ते मशीन बसवलं तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं. पाहुणे यायला आठवडा होता. तो आठवडाभर आक्का आणि तिच्या बायका स्वच्छ हवेत बसल्या. पदर सुटले. वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्या बायकांनी कामाच्या वेळी एकमेकींची तोंडं पहिल्यांदा बघितली. "अंबुबाईला मिशा हायत गं!" असं आक्का घरी येऊन सांगायची आणि हसून हसून बेजार व्हायची. तिसऱ्या दिवशी ती न थांबता भाकरी खाऊन उठली. मी ताटाकडं बघत राहिले. बाहेर जाऊन डोळे पुसले आणि मग आठवलं की हे आठवड्याचंच सुख आहे.

फिरीबाई आल्या. उंच, ठाशीव बांध्याच्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. बायकांशी बोलायला बाई हवी म्हणून मला बोलावलं होतं. माझं नाव दाजींनीच सुचवलं होतं, पण कसं? "गावात इंग्रजी येनारी एक मास्तरीणबाई हाय." मेहुणी हा शब्द त्यांनी काढला नव्हता. मी मनात म्हटलं, बरं आहे दाजी, बघते नंतर.

वखारीच्या दारातून आम्ही आत शिरलो. पुढं अण्णा, परीटघडीचं धोतर नेसलेले. मागं सूट घातलेले साहेब, पाहुणीबाई, आणि स्विचपाशी दाजी. मशीन घुमत होतं, हवा लख्ख होती. आणि एवढी मोठी माणसं आत आलेली बघताच चाळीसच्या चाळीस बायकांनी पदर सर्रकन नाकापर्यंत ओढले.

फिरीबाई थबकल्या. वर टोपीकडं बघितलं, मग बायकांकडं. मग साहेबांना सरळ विचारलं, मशीन धूळ खातं तर मग या सगळ्यांनी तोंडं का बांधून घेतलीत?

साहेब घाईघाईनं सांगू लागले की ही आमच्याकडची रीत आहे, मोठ्या माणसांपुढं बायका असं करतात. फिरीबाई अदबीनं हसल्या. प्रत्येक शेडमध्ये मला असंच काहीतरी सांगतात, त्या म्हणाल्या, आणि दाराकडं वळल्या. मी बायकांना विनवलं, "अगं, पदर काढा गं, एवढा वेळ तरी!" कुणी हलेना. समोर मालक उभे. आक्काच्या बाबतीत तर नवरा आणि नवऱ्याचा साहेबही. तिनं मान आणखीच खाली घातली होती. दाजींचा चेहरा उतरला होता.

आक्कानं एकदाच त्यांच्याकडं बघितलं. मग उठली. पदर तोंडावरून काढून कमरेला खोचला, सूप घेतलं आणि फिरीबाईंच्या पुढ्यात बसून तंबाखू पाखडायला लागली. तोंडानं बडबड चालूच. "सुले, इचार की तिला, तिच्या गावाकडं पोरीबाळी किती? तितं तंबाखू अशीच पाखडत्यात का येगळी? आन् म्हणावं डोक्याचा रुमाल लई झ्याक हाय." सुपातून भुकटी उडत होती आणि आक्काच्या नाकासमोरून वळून वर टोपीत जात होती. तिचं बोलणं एकदाही तुटलं नाही. अंबुबाईनं पदर काढला, तिच्या शेजारणीनं काढला. फिरीबाई आक्काशेजारी जमिनीवर बसल्या, स्वतः खोल श्वास घेतला आणि हसल्या. त्यांचं काम झालं होतं.

बाहेर मशीनच्या रिकाम्या खोक्यांपाशी बोलणं झालं. मागणी पक्की. फक्त त्यांच्याकडं तंबाखूचा हंगाम तोंडावर आला होता, नवं मशीन घडवून बोटीनं यायला उशीर झाला असता. हे बघितलेलं, पारखलेलं मशीनच लगेच पाठवता येईल का? साहेब आनंदानं म्हणाले, हेच पाठवतो, आजच उतरवतो. अण्णाही म्हणाले, "ठरल्यापरमानं घेऊन जावा."

साहेबांनी दाजींना हाक मारली. दाजी पाना घेऊन आत गेले, पहिल्या बोल्टाला पाना लावला आणि तसेच उभे राहिले. मी दारातून बघत होते. बायकांचे हात थांबले होते. मग ते पाना तिथंच ठेवून साहेबांपुढं येऊन उभे राहिले.

"सायब, हे न्हाय जायाचं," दाजी म्हणाले. "पावण्यास्नी नवं करून देतो. झोपत न्हाय तवर. पर हे हितंच ऱ्हाऊ दे."

"अरे, कबूल केलंय मी. आणि हेच कशाला इथं?"

दाजींनी तेलकट हात सदऱ्याला पुसले. मग एकदम म्हणाले, "माझी बायकू हितं बसती."

"तुझी बायको? या वखारीत? कोणती?"

आमच्याकडं नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. घरातही 'अगं' म्हणून भागवतात. दाजींनी दाराकडं बोट केलं. "ती. शेवंता."

आत बायकांनी तोंडावर हात घेतले. शांतिनाथसाहेब मटकन खोक्यावर बसले.

"देवाप्पा," ते म्हणाले, "सहा वर्षं झाली. हे तू पहिल्या दिवशी का बोलला नाहीस? पहिलं मशीन मी इथं बसवलं असतं. फुकट बसवलं असतं रे! मामांच्या पाया पडलो असतो. मला वाटलं, तू आपला वखारी बघून सांगतोयस."

"बायकूसाठी म्हणून सायबाकडं मागायचं..." दाजी खाली बघत म्हणाले. "लाज वाटली, सायब."

मी आजवर समजत होते की साहेबांना सगळं ठाऊक आहे आणि पैशापायी ते आमच्याकडं बघत नाहीत. किती शिव्या घातल्या होत्या मी त्यांना मनात! फिरीबाईंनी मला हळूच विचारलं, काय झालं. मी इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, मी नव्यासाठी थांबेन. जिनाप्पा अण्णांनी टोपी काढून पुन्हा घातली. "माझ्या वखारीतली बाई, आन् मला ठावं न्हाय," ते पुटपुटले. "ऱ्हाऊ दे रं शांत्या. ऱ्हाऊ दे हितंच."

मशीन राहिलं. त्यानंतर कामाला लागलेल्या पोरींना ठसका म्हणजे काय ते कळलं नाही. आक्काचा कमी झाला, गेला मात्र नाही. छातीत जे एकदा बसलं ते बसलं, असं डॉक्टरांनी पुढं सांगितलं. पण ते कळायला त्या संध्याकाळी आम्हाला कुणा डॉक्टरची गरज नव्हती. दाजींना तर नव्हतीच.

त्या संध्याकाळी मी स्वतःला आवरू शकले नाही. "सहा वर्षं, दाजी! एक वाक्य बोलायला सहा वर्षं!" दाजी ताटावर बसले होते, भाकरीला हात लावला नव्हता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसतही नव्हते.

"त्यास्नी काय बोलू नगंस," आक्का म्हणाली. "म्या तरी कुटं सांगितलं वखारीत, मशीनवाला माझा नवरा हाय म्हणून? बाया चिडवतील म्हणून गप बसली." मग ती त्यांच्यासमोर येऊन बसली आणि ताट त्यांच्याकडं सरकवलं. "जेवा. सा वर्सं उशीर झाला म्हणून आज उपाशी ऱ्हाणार का? आन् सायबापुढं घेतलं ते नाव हितं घ्या बघू एकडाव."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी काही तिथून हलले नाही.

"शेवंता," ते म्हणाले.

"व्हय," आक्का म्हणाली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. दाजी ताट ओलांडून तिच्याजवळ गेले आणि माझ्यादेखत, ठसका थांबेपर्यंत, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.